‘फक्त’ खोडला, ‘मेरिस्टेम’ ठेवला

वनस्पतींच्या वाढीवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वनस्पतीची वाढ फक्त टोकांना होते हे माझं वाक्य चूक, तसं असतं तर खोड जाड झालं नसतं आणि कापलेलं गवत पुन्हा वाढलं नसतं. पेशी सगळीकडेच विभागतात. शिवाय विभागत राहणाऱ्या पेशींच्या समूहाला ‘विभाजी ऊती’ असा चांगला शब्द असताना मी कुठे ‘ऊतक’, कुठे ‘मेरिस्टेम’ लिहून गोंधळ घातला.

‘फक्त’ हा शब्द चुकलाच. गवताच्या पानाचा शेंडा कापला तरी विभागणाऱ्या पेशी पानाच्या बुडाशी शाबूत राहतात. खोडाचा घेर वाढवणारा कॅम्बियमचा पातळ थर सालीच्या आत असतो.

पण ‘सगळीकडेच’ हे मला पटत नाही. झाडाच्या बुंध्यात छातीच्या उंचीवर खिळा ठोका. दहा वर्षांनी झाड कितीतरी उंच झालेलं असेल, खिळा मात्र तिथेच सापडेल. फार तर लाकडाने अर्धा गिळलेला. मधल्या भागाची लांबी वाढलेलीच नसते.

माझी खरी चूक तुमच्या नजरेतून सुटली. मी विभाजन आणि वाढ एकच धरून लिहिलं होतं. मोड आलेल्या बीच्या मुळावर शाईने एकेक मिलिमीटरवर खुणा करा आणि एक-दोन दिवसांनी बघा. (युलियस साक्स या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हेच केलं होतं.) सर्वांत जास्त फाकलेल्या खुणा अगदी टोकाच्या नसतात, त्याच्या जरा मागच्या असतात. मूलटोपीच्या, म्हणजे मुळाच्या टोकावरच्या संरक्षक आवरणाच्या, आडोशाला पेशी विभागतात. तिथे त्या लहान, पातळ भित्तिकेच्या, मोठ्या केंद्रकाच्या असतात. मागे पडल्या की त्यांच्या रिक्तिकेत (पेशीच्या आतल्या पिशवीत) पाणी भरतं आणि त्या कित्येक पट लांब होतात. मूळ मातीत पुढे सरकतं ते मुख्यतः पेशींच्या या लांबण्यामुळे. गंमत म्हणजे टोकाच्या ऐन मध्यावर पेशींचा एक छोटा पुंजका असतो, तो क्वचितच विभागतो.

आता शब्दांचं. ‘ऊतक’ला हिंदी म्हणून हिणवू नका, मराठी विश्वकोशातही तो आहे. ‘सेल’लाही विश्वकोश ‘कोशिका’ म्हणतो, पाठ्यपुस्तक ‘पेशी’. आणि हिंदीत ‘पेशी’ म्हटलं की माणूस स्नायू समजतो! तरी एका लेखात एकच शब्द हवा, हे मान्य. ‘मेरिस्टेम’ हा शब्द नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने 1858 मध्ये ‘विभागणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडवला, म्हणजे ‘विभाजी’ त्याच वळणाचा.

लेखातला ‘फक्त’ काढला आहे, ‘ऊतक’च्या जागी सगळीकडे ‘ऊती’ केलं आहे. ‘मेरिस्टेम’ एकदा, पहिल्या उल्लेखापाशी, ठेवतोय. पुढे इंग्रजीतून शिकणाऱ्याला तोच भेटणार आहे.