आठ हजार नंबरचे दार

घर सुरक्षित राहावे म्हणून कॅमेरे बसवायचे आणि ते लांबून दिसावेत म्हणून त्याच घराच्या राऊटरमध्ये एक दार कायमचे उघडे ठेवायचे, या उद्योगाला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. संगमेश्वर तालुक्यातील आमच्या घरी कॅमेरे बसवणाऱ्या माणसाने, "तेवढं एक करून घ्या साहेब, की पुण्यात बसून घर बघा," असे म्हणत मोटारसायकलला किक मारली आणि पुढचे सगळे लचांड माझ्या गळ्यात आले.

तत्त्व सोपे आहे. राऊटर हा सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन समजावा. जगाला फक्त फाटकाचा पत्ता ठाऊक असतो; आतील टीव्ही, मोबाइल, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी पेटी) या बिऱ्हाडांचे १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते बाहेर कोणी ओळखत नाही, आणि न बोलावता आलेल्या प्रत्येकाला परत पाठवणे हे वॉचमनचे काम असते. त्याला आपण लेखी कळवायचे, की आठ हजार नंबरचे दार, म्हणजे पोर्ट, विचारत कोणी आले तर त्याला मुकाट्याने १९२.१६८.१.६ या बिऱ्हाडी, म्हणजे डीव्हीआरकडे, सोडावे.

मी तसे कळवले. त्याच दुपारी वळवाचा पाऊस आला, वीज गेली, आणि परत आल्यावर वॉचमनने सर्व बिऱ्हाडांना नव्याने खोल्या वाटल्या. सहा नंबरला आता बाबांचा मोबाइल राहायला आला होता, त्यामुळे कॅमेरे पाहू इच्छिणारा प्रत्येक जण वडिलांच्या खिशावर जाऊन थडकणार होता. मग डीव्हीआरचा मॅक पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक, नोंदवून ती खोली त्याच्या नावे कायमची राखून ठेवली.

खरा व्यायाम तपासणीचा होता. घरात बसून घराचाच बाहेरचा पत्ता उघडणे अनेक राऊटरांना झेपत नाही, म्हणून वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर पाहावे लागते. आणि आमच्याकडे मोबाइलची रेंज फक्त विहिरीच्या कठड्याजवळ येते. राऊटर माजघरात, रेंज विहिरीवर, आणि मधल्या अंगणात आईने वाळत घातलेली आंबापोळी, अशा मार्गावरून माझ्या येरझाऱ्या सुरू होत्या. प्रत्येक सेटिंग बदलून मी विहिरीशी धावत जाई, मोबाइल आकाशाकडे धरी, 'कनेक्शन फेल्ड' वाची आणि परत येई. शेजारच्या काकूंनी शेवटी गडग्यापलीकडून विचारले, "पंप जळला काय रे?"

पंप शाबूत होता. फाटकच आमचे नव्हते. राऊटरच्या स्टेटस पानावर बाहेरचा म्हणून जो पत्ता दिसत होता तो १००.७२ने सुरू होत होता, आणि १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ साली खास इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेला आहे. आयपीव्ही४चे, म्हणजे इंटरनेटच्या या जुन्या पद्धतीचे, पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी, आणि त्यांचा जागतिक साठा २०११च्या फेब्रुवारीतच वाटून संपला. तेव्हापासून कंपन्या शेकडो घरांना एकाच पत्त्यामागे दाटीवाटीने बसवतात. थोडक्यात, आमच्या वॉचमनच्या पुढे आणखी एक मोठे फाटक होते आणि तिथला वॉचमन माझ्या चिठ्ठीला विचारणार नव्हता. कस्टमर केअरच्या मुलीने हे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि "सर, एकदा राऊटर बंद करून चालू करा," असे सुचवले. बऱ्याच बदल्यांनंतर फोनवर आलेल्या गृहस्थांनी मात्र एका वाक्यात उपाय सांगितला: स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा न बदलणारा पत्ता, घ्या, वर्षाचे पैसे आगाऊ.

पैसे भरले, पत्ता आला, आणि विहिरीवर उभ्या उभ्या मला आमचे अंगण व त्यातली आंबापोळी मोबाइलवर दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डीव्हीआरचा लॉग, म्हणजे आल्यागेल्याची नोंदवही, उघडला, तर रात्रभर कुठल्या कुठल्या अनोळखी पत्त्यांवरून कोणी तरी 'अ‍ॅडमिन' या नावाने आत शिरू पाहत होते. यात आमच्या घराचे विशेष कौतुक नव्हते. उघडी पोर्टे हुडकत फिरणारे प्रोग्राम अहोरात्र चालू असतात. २०१६ साली मिराई नावाच्या अशाच एका प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, आणि ऑक्टोबरमध्ये त्या फौजेच्या हल्ल्याने ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत काही तास कोलमडल्या होत्या. राखणीला ठेवलेला कॅमेराच दरोड्याला जातो, ही कल्पना मला काही सोसेना. मी आठ हजारचा नियम पुसून टाकला आणि राऊटरमध्येच वायरगार्ड हा व्हीपीएन, म्हणजे किल्लीवाल्यांपुरता खासगी बोगदा, सुरू केला, जो किल्ली नसलेल्याला नकारसुद्धा देत नाही, नुसता गप्प राहतो.

ओटीवर चहा पिताना मी बाबांना तो लॉग वाचून दाखवला: हा पत्ता ब्राझीलचा, हा व्हिएतनामचा, हा रशियाचा. त्यांनी बशी खाली ठेवली.

"एवढी माणसं सातासमुद्रापलीकडून आपलं घर बघायला धडपडतायत," ते म्हणाले, "आणि तू म्हणतोस, गणपतीला रजा मिळायची पंचाईत आहे."