बेअरिंग हातोडीनं बसवू नका

पावसाळा सरत आला की बडोद्यातल्या आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर व्हील बेअरिंगचा (चाक सहज फिरू देणारा भाग, दोन पोलादी कड्या आणि मध्ये छर्रे) एक मेसेज फिरायला लागतो. म्हणणं असं: चाकातून घूं घूं आवाज आला म्हणजे बेअरिंग गेलं. बडोदा तर बेअरिंगच्या कारखान्यांचं शहर, दुकानातून नवं आणा, गाडीतला जॅक लावा, जुनं ठोकून काढा, नवं ठोकून बसवा, नट दाबून आवळा. गॅरेजवाले उगाच पैसे उकळतात.

स्वतःच्या गाडीचं काम स्वतः करावं, या मताचा मीही आहे. पण मेसेजात सांगितल्याप्रमाणे केलं तर नवं बेअरिंग बसतानाच खराब होतं.

आधी आवाज. झिजून खडबडीत झालेला टायरही अगदी तसाच घुमतो. रस्ता बदलला की आवाज बदलत असेल, तर संशय टायरवर घ्या आणि पुढचे टायर मागे टाकून पाहा. आवाजही मागे गेला तर दोष टायरचा. बेअरिंगचा आवाज वेगाबरोबर वाढतो आणि गाडी न्यूट्रलमध्ये टाकली तरी जात नाही. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर येतं, तेव्हा आवाज वाढला तर उजवीकडचं बेअरिंग तपासा. चाक उचलून हातानं फिरवा, दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. बेअरिंग गेलं असेल तर बोटांना खरखर लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुरात ज्यांच्या गाड्या चाकं बुडेपर्यंत उभ्या होत्या, त्यांनी ही तपासणी जरूर करावी. बेअरिंगचं सील रस्त्यावरचं उडतं पाणी अडवतं, तासन् तास बुडून राहणं त्याला सोसत नाही. आत गंज धरतो आणि आवाज कित्येक महिन्यांनी सुरू होतो.

आता हातोडी. सगळ्यात मोठं नुकसान इथेच आहे. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांत बेअरिंग नकलमध्ये (चाकामागचा, सस्पेन्शनला जोडलेला धातूचा भाग) घट्ट दाबून बसवलेलं असतं, आणि हब, म्हणजे ज्याला चाक बोल्टनं लागतं तो भाग, त्याच्या आतल्या कडीत दाबलेला असतो. नियम एकच: जी कडी घट्ट बसवायची, जोर तिच्यावरच द्यायचा. नकलमध्ये घालताना बाहेरच्या कडीवर, हब घालताना आतल्या कडीला खालून आधार देऊन. हे चुकलं की सगळा जोर छर्‍यांमधून जातो. छर्रा कडीला टेकतो ती जागा अगदी बारीक, त्यामुळे एका घावानेही पोलादी कडीवर खळगे पडतात. ते बाहेरून दिसत नाहीत. चाक हातानं गुळगुळीत फिरतं, आणि काही दिवसांत तोच आवाज परत येतो. मग दोष दिला जातो बेअरिंगच्या कंपनीला किंवा दुकानदाराला!

एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या अनेक गाड्यांत बेअरिंगच्या एका सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते, ती चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडेच यायला हवी. उलटं बसलं तर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं. उघडताना ते नवं बेअरिंगही वाया जातं. बसवण्याआधी दोन्ही बाजूंना टाचणी लावून पाहा, चुंबकाची बाजू ती ओढून घेते.

नट ‘दाबून आवळा’ हेही चूक. या बेअरिंगची आतली कडी दोन तुकड्यांची असते आणि एक्सलचा नट ते तुकडे एकमेकांवर धरून ठेवतो. सैल राहिला तर तुकडे हलतात, अति आवळला तर बेअरिंग तापतं. नट किती जोरानं आवळायचा, तो आकडा अनेक छोट्या गाड्यांत २०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण आपल्या गाडीचा आकडा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या आणि टॉर्क रेंच (नेमक्या जोरानं आवळायचा पाना) वापरा. कडा ठोकून अडकवलेला नट दरवेळी नवाच घालायचा. आणि नट पुरता आवळल्याशिवाय गाडीचं वजन त्या चाकावर येऊ देऊ नका, ढकलून दोन फूट सरकवायचीसुद्धा नाही.

जॅकबद्दल वाद नको. गाडीसोबत येतो तो टायर बदलण्यापुरताच. सपाट जागा, दुसऱ्या चाकांना गुटके, खाली पक्के स्टँड. ते नसतील तर हे काम हातात घेऊ नका.

राहिले पैसे. काही ठिकाणी जास्त घेतात, हे खरं. पण मजुरीत प्रेसचं (बेअरिंग सरळ दाबून बसवणाऱ्या यंत्राचं) काम असतं, आणि जुनं बेअरिंग काढताना त्याची आतली कडी बहुतेक वेळा हबवरच अडकून राहते, ती पुलरनं (ओढून काढायच्या अवजारानं) काढण्याची मेहनतही असते. ज्या गाड्यांत बेअरिंग आणि हब एकच युनिट असून बोल्टनं बसतं, तिथे जमत असेल तर घरी जरूर करा. बाकीच्यांनी नकल घरी सोडवून माकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) किंवा जवळच्या प्रेसवाल्याकडे न्यावी, समोर उभं राहून बेअरिंग दाबून घ्यावं आणि नकल परत आणून बसवावी. नकल सोडवताना स्ट्रटचे (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरच्या खांबाचे) बोल्ट उघडले असतील, तर पुढच्या चाकांचं अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, तपासून घ्या. नाहीतर वाचलेले पैसे टायरवर जातील.