तह, करार आणि काकांचा झब्बा

सुरुवात नंद्याने केली. मोबाइलवरची हिंदी बातमी त्याने मोठ्याने वाचली, ‘सिंधु जल संधि स्थगित’, आणि म्हणाला, "पाण्याची कसली डोंबलाची संधी? आमच्या पाचव्या मजल्याला महिनाभर मिळालेली नाही."

"अरे अडाण्या," कठड्यावर गुडघा चोळत बसलेले प्रभूकाका कडाडले, "संधी हाच शुद्ध शब्द. तह काय, करार काय, सगळे यवनी!" बोलताना काकांची तर्जनी आपोआप वर जाते. निवृत्त झालोय हे बोटाला अजून कळलेलं नाही. "कौटिल्य म्हणतो, पणबन्धः सन्धिः!"

"म्हणजे सौदाच की," वैशाली म्हणाली. "‘पण’ म्हणजे बोली, शर्त. आणि यवनी नको असेल तर करारावर सही पण करू नका, तीही अरबीच. मराठीत संधी उरल्यात दोन, नोकरीतली आणि सांध्यातली. तुमची पहिली संपली, दुसरी धरलीये."

वैशाली वकील आहे. तिच्याशी वाद घालायचा नाही असा कट्ट्याचा अलिखित करार आहे. काका तो रोज मोडतात.

सुध्याने मध्येच आपलं घोडं दामटलं. लढाई संपल्यावर होतो तो तह, बाकी सगळे करार. पुरंदर 1665, सालबाई 1782, झालंच तर व्हर्साय 1919. मुक्त व्यापाराचा तह कोणी ऐकलाय का?

"आणि वसई?" वैशालीने चहाचा ग्लास खाली ठेवला. "1802. दुसरा बाजीराव हरला होळकरांकडून आणि तह केला इंग्रजांशी. इंग्रजांशी लढला कुठे तो? उलट 71 ला चांगलं युद्ध झालं, ढाक्याला शरणागती झाली, तरी सिमल्याला 72 मध्ये करारच."

"तेव्हा जिंकलो होतो ना," नंद्या म्हणाला. "हरलो की तह, जिंकलो की करार. सोपं आहे."

"सालबाईला काय हरलो होतो?"

"मला काय विचारतोस? युद्धात जिंकून तहात हरलेला माणूस समोर बसलाय. सुध्या, पार्किंग आठवतं का?"

झालं. 2019 चा तो दुखरा विषय. सुध्याने सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडून झाडाखालची जागा मिळवली आणि वर लिहून दिलं की झाडाची जबाबदारीही माझीच. तेव्हापासून कावळ्यांचा हिशेब त्याच्या बॉनेटवर. दहा मिनिटं त्यातच गेली. मग सिंधू कुठे आणि कौटिल्य कुठे.

गाडी रुळावर आणली ती वैशालीनेच. "कायद्याला तुमच्या शब्दांचं काडीचं कौतुक नाही. 1969 च्या व्हिएन्ना करारात व्याख्या आहे, राष्ट्रांमधला लेखी करार, मग नाव काहीही द्या. आणि सिंधू करार 1960 मध्ये कराचीत झाला, त्यात एकट्याने बाहेर पडायचं कलमच नाही. म्हणून तर ‘स्थगित’. मोडला म्हणायचं नाही, पाळतो म्हणायचं नाही."

"शब्दाला महत्त्व नाही?" काकांची तर्जनी पुन्हा वर. "अगं, शब्द गेला की..."

एवढ्यात कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या चौधरीने काकांचा झब्बा टेबलावर पसरला. बाही आत घेतली, हाताने सुरकुती सपाट केली आणि विचारलं, "चाचाजी, तह करके दूँ या हैंगर में?"

क्षणभर कोणी काही बोललंच नाही.

"घ्या," वैशाली म्हणाली. "फारसीत तह म्हणजे घडी. थर, तळ, घडी. आपण म्हणतो ना, राज्याची घडी बसवली? माझा आपला अंदाज, तिकडूनच आला असणार. आणि इंग्रजीतली डिप्लोमसी ज्या ग्रीक डिप्लोमावरून आली, तोही मुळात घडी केलेला कागदच."

"म्हणजे चौधरी आपला परराष्ट्रमंत्री?" नंद्या.

"आणि करार म्हणजे अरबीत एका जागी ठरणं. ते नसेल तर बेकरार."

"बेकरार तर सुध्या आहे, कावळ्यांमुळे."

काका मात्र गंभीर. इस्त्रीवाल्याला त्यांनी एकेक अक्षर तोडून समजावलं, "तह नव्हे. घडी. घ-डी."

"घडी तो दीवार पे है चाचाजी. साढ़े आठ बजे."

"हँगरलाच लावून ठेव रे," वैशाली हसू दाबत म्हणाली. "मोडला पण नाही, घातला पण नाही. स्थगित."

काकांना हसताना ठसका लागला. झब्बा तिथेच राहिला, आणि चहाचे पैसे पुन्हा मीच दिले.