सहा दिवसांत स्पिती?

गेल्या आठवड्यात मावसबहिणीने एक पीडीएफ पाठवली. खाली मेसेज, "ताई, बघ ना जरा, ठीक आहे का?" कुठल्याशा टूरवाल्याने आखून दिलेली हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्याची सहल, दिल्ली ते दिल्ली सहा दिवस. दुसऱ्या दिवशी मनाली, तिसऱ्या दिवशी वाटेत चंद्रताल सरोवर 'कव्हर करून' रात्री काझा, म्हणजे स्पितीतलं मुख्य गाव. चौथ्या दिवशी की मठ, किब्बर, चिचम, लांगझा, हिक्किम, कोमिक, धनकर आणि ताबो. एका दिवसात! मला वाचूनच धाप लागली.

फोनवर अर्धा तास तिचं डोकं खाल्लं, तेच इथे लिहून ठेवते. जून जवळ आला की हा प्रश्न मला तीन-चार जण तरी विचारतातच.

आपण काय करतो, आधी बघायच्या जागांची यादी करतो, मग दिवस मोजतो आणि गाडीचं बघू नंतर म्हणतो. स्पितीत हे उलटं चालतं. तिथे आधी रस्ता ठरवायचा, मग गाडी, आणि त्यात जे बसेल ते बघायचं.

मनाली ते काझा अंतर साधारण 200 किलोमीटर. आपल्या डोक्यात लगेच हिशेब: एकदा चहाला थांबून चार तास. तिथे आठ ते दहा धरा. 2020 च्या ऑक्टोबरात अटल बोगदा सुरू झाला, नऊ किलोमीटरचा, त्यामुळे रोहतांगचा घाट वाचतो हे खरं. पण ते सुख बोगद्यापुरतंच. पलीकडे ग्रांफूला काझ्याचा रस्ता धरला की बातलपर्यंत रस्ता कमी आणि नदीचं पात्र जास्त. कागदोपत्री हा राष्ट्रीय महामार्ग 505 आहे, हे वाचून मी एकटीच हसले होते.

आणि त्यातले ते नाले. वरच्या हिमनद्यांचं पाणी सरळ रस्त्यावरून वाहतं. ऊन चढेल तसं बर्फ वितळतं आणि दुपारपर्यंत खाली पोचतं. म्हणजे सकाळी घोटाभर असलेला नाला दुपारी तीनला पार बदललेला असतो. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मनालीत नाश्त्याच्या नादात उशिरा निघालो. छत्रूच्या पुढे पाहतो तर नाल्यात मधोमध एक छोटी कार बंद पडलेली, दोन्हीकडे गाड्यांची रांग. ती दोर लावून ओढून काढल्यावर आमच्या ड्रायव्हरदादांनी बूट-मोजे काढले, पँट दुमडली आणि सरळ पाण्यात उतरले. पायाने एकेक दगड चाचपत गेले, चाक कुठून न्यायचं ते बघत. दोन दगड उचलून बाजूला टाकले, एक खड्ड्यात बसवला. परत आले तेव्हा पाय लालबुंद. मोजे घालता घालता एवढंच म्हणाले, "मॅडम, कल से छह बजे." त्यानंतर आख्ख्या सहलीत मी नाश्त्यावरून वाद घातला नाही.

दुसरा रस्ता सिमल्याकडून, किन्नौरमधून. लांब आहे, दोनशेच्या दुपटीहूनही जास्त, आणि टूरवाले म्हणूनच टाळतात. माझं मत मात्र ठाम आहे: जाताना किन्नौरनेच जा. कारण उंची. सिमला साधारण 2,200 मीटर, काल्पा 2,900 च्या पुढे, नाको 3,600 च्या आसपास, मग ताबोला थोडं खाली आणि नंतर काझा. शरीराला दर मुक्कामाला थोडा थोडा वेळ मिळतो. मनालीकडून एका दिवसात तुम्ही 2,000 मीटरवरून साडेचार हजारांच्या कुंझुम खिंडीवर चढता आणि रात्री डोकं धरून बसता. पीडीएफमधल्या सहा दिवसांपैकी एक दिवस असा हॉटेलच्या पलंगावर जाणार, हे त्या टूरवाल्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

शिवाय कुंझुम बर्फाने बंद होते ती मेअखेर-जूनपर्यंत, कधी त्याच्याही पुढे उघडत नाही. मेमध्ये मनालीमार्गे बुकिंग म्हणजे जुगारच. किन्नौरचा रस्ता बर्फ पडलं तरी साफ करून चालू ठेवतात, पण जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे दरडी कोसळतात. नाकोजवळचा मलिंग नाला त्यासाठी बदनाम आहे. मला विचाराल तर सप्टेंबर. किन्नौरने वर, कुंझुमने खाली, घर ते घर बारा दिवस.

पोचायचं कसं? विमानाने चंदीगड, हे सगळ्यांना कळतं. ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी पुण्याहून झेलम एक्स्प्रेस अंबाल्याला सोडते, तिथून बस. काल्क्याहून सिमल्याची 1903 सालची छोटी गाडी सुंदर आहे, पण 96 किलोमीटरला पाच तास घेते. वेळ असेल तर जरूर.

आता तिथलं फिरणं. सगळ्यांना वाटतं आख्खी टॅक्सी आठ दिवस बांधून ठेवली तरच जमतं. चौघे असाल तर तेच बरं, वाद नाही. पण दुसऱ्यांदा आम्ही दोघी मैत्रिणी हिमाचलच्या एसटीने, म्हणजे एचआरटीसीने गेलो. रेकाँग पिओहून सकाळी निघालेली बस दिवस मावळताना काझ्याला पोचते. आदल्या दिवशी संध्याकाळी स्टँडवर जाऊन चौकशी करायची. वेळापत्रक इंटरनेटवर असतं ते एक आणि कंडक्टरच्या तोंडी असतं ते खरं.

काझ्यात गंमत कळली. किब्बरची बस संध्याकाळी जाते, रात्री तिथेच थांबते आणि सकाळी परत येते. पिन खोऱ्यातल्या मुदचंही तसंच. अहो, ही तर आपली मुक्कामी गाडी! गावातली माणसं सकाळी काझ्याला कामाला येणार, बाजार करून संध्याकाळी घरी जाणार, त्यांच्या सोयीची ती वेळ. दिवसा जाऊन फोटो काढून परतणाऱ्यांची सोय त्यात नाही. मग आपणच मुक्कामाला जायचं. आम्ही पिठाची पोती, एक गॅस सिलिंडर आणि शाळेच्या पोरांबरोबर किब्बरला पोचलो, एका घरात राहिलो आणि सकाळी बसने परत. पोरांनी वाटेत चिचमकडे बोट दाखवून सांगितलं, पूल नव्हता तेव्हा आजोबा दरीवरून पाळण्यात बसून जायचे. तो पूल 2017 चा.

लांगझा-हिक्किम-कोमिक एका दिवसात होतं, त्यासाठी काझ्यातून टॅक्सी करा. रात्री जेवताना शेजारच्या टेबलावर विचारलंत तर भाडं वाटून घेणारं कोणी ना कोणी भेटतं. चंद्रतालला मात्र बस नाही. बातलपासून चौदा किलोमीटर आत आहे, स्वतःची गाडी हवी आणि रात्र तंबूत काढायची तयारी हवी. 2023 च्या जुलैत तिथे बर्फात जवळपास 300 पर्यटक अडकले होते, काही दिवसांनी सुटका झाली. ज्यांचं विमान दुसऱ्या दिवशी होतं त्यांचं काय झालं असेल, असं माझ्या मनात येत राहतं. म्हणून शेवटी एक दिवस रिकामा सोडायचा. नुसता रिकामा. त्याला 'शॉपिंग' असं नाव देऊन भरून टाकायचा नाही.

स्वतः गाडी चालवणाऱ्यांनो, मनालीत टाकी फुल करा. पुढचा भरवशाचा पंप थेट काझ्याला. आणि घरून नेलेली सिटी कार नाल्यात घालू नका, छत्रूच्या पुढे अडकलेल्या त्या छोट्या कारवाल्यांना विचारा.

बहिणीला शेवटी सांगितलं, सहाच दिवस असतील तर स्पिती सोड, किन्नौरमधलं काल्पा आणि छितकूल निवांत बघ. ती फुरंगटली. चार दिवस फोन नाही. काल रात्री मेसेज आला, "ऑफिसमधून बारा दिवस मिळाले. झेलम वेटिंग 43 आहे, काढू का?"