विषाणू कुणाच्या बाजूचा?

काल संध्याकाळी कट्ट्यावर मनोज हातात एक बाटली घेऊनच आला. त्याचं कृषी सेवा केंद्र आहे. "यात विषाणू आहे, आणि शेतकरी रोख पैसे मोजून नेतो. आता म्हणा, विषाणू वाईटच असतो म्हणून!"

बाटलीत एचएएनपीव्ही होता, हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठीचा. लागण झालेली अळी शेंड्याकडे चढते, पायांनी धरून उलटी लोंबते आणि आतून तिचं पाणी पाणी होतं. कातडी फाटून ते खालच्या पानांवर गळतं. ती पानं खाऊन पुढच्या अळ्या मरतात. उन्हात विषाणू टिकत नाही, म्हणून फवारणी संध्याकाळी करायची आणि द्रावणात नीळ टाकायची. मनोज हे सगळं रंगून सांगत होता.

संजूने त्याला मध्येच तोडलं. "फायदा तुझा झाला. ज्याच्या अंगात तो शिरला, त्या अळीला विचार."

संजूचे वडील २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. हा विषय तो हसण्यावारी नेत नाही. आणि त्याने प्रश्न नेमका धरला होता, हे मला मानावंच लागलं. विषाणू ज्याच्या अंगात राहतो त्याचंच भलं करतो का, एवढंच बघायचं.

मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो. पण आधी वैशालीला विचारलं. ती प्रसूतिगृहात सिस्टर आहे, ड्युटी संपवून नुकतीच येऊन टेकली होती. "बाळामागून वार पडली की तू काय बघतेस?"

"पूर्ण आली का ते. ट्रेमध्ये आईकडची बाजू वर करते, मांसल तुकडे एकमेकांशी जुळतात का ते हाताने चाचपते. एखादा आत राहिला तर रक्तस्राव थांबत नाही."

त्याच बाजूला आईच्या रक्तात बुडालेले बारीक कोंभ असतात. त्यांच्यावरचं पातळ आवरण असंख्य पेशी एकजीव होऊन बनलेलं असतं, पेशीपेशींत भिंतच नसते. बाळाचा प्राणवायू नि पोषण त्यातूनच जातं. पेशींना असं जोडणारं प्रथिन म्हणजे सिन्सिटिन. त्याचं जनुक मुळात एका रिट्रोव्हायरसचं, म्हणजे आपली जनुकं पेशीच्या जनुकांत मिसळून टाकणाऱ्या विषाणूचं, हे २००० साली समजलं. तो विषाणू कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत शिरला आणि तिथेच राहिला. ज्या हत्याराने तो पेशीत घुसायचा, त्यानेच आता वार बनते. आपल्या जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग अशा जुन्या विषाणूंचा आहे.

वैशाली बराच वेळ स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिली.

संजू मात्र हटला नाही. "तो विषाणू आज आहे कुठं? मेला. त्याची कुऱ्हाड तेवढी घरात राहिली, तुम्ही तिने लाकडं फोडताय. जिवंत विषाणू दाखव."

दाखवला. अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये गरम झऱ्यांजवळच्या तापलेल्या जमिनीत एक गवत उगवतं. त्याच्या अंगात बुरशी राहते, आणि बुरशीच्या अंगात विषाणू. २००७ साली संशोधकांनी बुरशीतून विषाणू काढून टाकला. मुळांशी ६५ अंश तापमान दिल्यावर गवत करपून मेलं. विषाणू परत घातला, गवत तगलं. माझ्या मते याहून स्वच्छ पुरावा नाही: काढलं की मरतं, घातलं की जगतं.

"आणि जमीन तापलेली नसती तर?" संजूने विचारलं.

हा प्रश्न मला फार आवडला, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे. परिस्थिती बदलली की विषाणूची बाजूही बदलते. पानांवर पिवळट चट्टे पाडणाऱ्या काकडीच्या मोझॅक विषाणूची लागण झालेली बीटची झाडं पाणी तोडल्यावर निरोगी झाडांपेक्षा उशिरा सुकली, असं २००८ मधल्या प्रयोगात दिसलं. भरपूर पाण्यात जो रोग, तोच दुष्काळात आधार.

आता मनोज उसळला. "म्हणजे काय, मोझॅक आलेली झाडं मी रानात ठेवायला सांगू? मावा बसला की दोन दिवसांत शेजारच्या वाफ्यात जातो तो. मी उपटायलाच सांगणार."

"सांगच," मी म्हणालो. "एका झाडाचा फायदा म्हणजे तुझ्या शेतकऱ्याचा फायदा नाही."

संजूने कप खाली ठेवला. "गवताचं पटलं. वारेचं अजून नाही."

वैशाली म्हणाली, "उद्या सकाळच्या ड्युटीला मी वार हातात घेईन तेव्हा मला पटलेलं असेल."