राजवाडे धुळ्यालाच आले ना?

नानाच्या पोरीला पुण्यात बी.ए.ला प्रवेश मिळाला. पेढे मिळतील म्हणून आम्ही वाट बघत होतो, तर हा देवपुरातल्या टपरीसमोर आमच्या कट्ट्यावर तोंड पाडून येऊन बसला. चहा नको म्हणाला.

"कॉटचे सहा हजार मांगतात रे भो. खोलीचे नाही, कॉटचे. खोलीत तिघी."

"डिपॉझिट वेगळं," मी म्हटलं. पाच वर्षं काढलीत तिथं, त्यामुळे तोंडातून आपोआप निघतं.

"मन्ही पोर तठे कशी ऱ्हाई? आठे काय कमी शे?"

आबा याच प्रश्नाची वाट बघत होते. आबा रिटायर्ड हेडक्लार्क, कट्ट्यावरचे सगळ्यात थोरले. "माझ्या पदवीवर पुणे विद्यापीठ छापलेलं आहे," ते म्हणाले. "शिकलो इथंच, धुळ्यात. पुण्यात आयुष्यात तीन रात्री काढल्या, त्यातली एक शिवाजीनगरच्या स्टँडवर. काय अडलं माझं?"

आबांचं खरं आहे. १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघेपर्यंत खान्देशातली कॉलेजं पुण्यालाच जोडलेली होती. पुणं न बघितलेले पुणे विद्यापीठाचे पदवीधर आमच्या गल्ल्यागल्ल्यांत सापडतात.

"मग जळगावला टाक," बंटी म्हणाला. बंटीचं मोबाइलचं दुकान आहे, त्याच्याकडे प्रत्येक अडचणीला स्वस्त पर्याय असतो. "बहिणाबाईंच्या नावाचं विद्यापीठ आहे आपलं. दर शनिवारी पोरगी घरी."

इथं मला राहवलं नाही. विद्यापीठ आपलं चांगलंच आहे, पण ते बांभोरीला, गिरणेकाठच्या टेकड्यांवर. संध्याकाळची बस निघाली की विद्यार्थी एका गावचे आणि जळगाव दुसऱ्याच. आता पुण्याचं विद्यापीठही १९४९ मध्ये गणेशखिंडीत गव्हर्नरच्या बंगल्याच्या आवारात बसलं तेव्हा गावाबाहेरच होतं म्हणा. पण गाव त्याच्या आधीपासून शिकण्याच्या नादी लागलेलं. फर्ग्युसन १८८५ चं, भांडारकर संस्था १९१७ ची, आणि न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला तर १८७५ ची.

"सनावळ्या नको सांगू," बंटी म्हणाला. "तुला काय मिळालं ते सांग."

मला काय मिळालं? पहिल्या मे महिन्यात खोलीवरचा पंखा जळाला. मालक म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू. म्हणून मी संध्याकाळी टिळक स्मारक मंदिरात त्याच व्याख्यानमालेला जाऊन बसायला लागलो, निव्वळ वाऱ्यासाठी. व्याख्यान कशावर होतं ते आज आठवत नाही. शेजारी एक आजोबा होते, ऐंशीच्या घरातले, आणि ते वहीत उतरवून घेत होते. परीक्षा नाही, नोकरी नाही, कोणी विचारणारंही नाही. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाले, "हे चूक सांगताहेत." आणि समासात फुली मारली. आपल्याकडे वही म्हणजे एकतर अभ्यासाची, नाहीतर उधारीची. असली तिसरी वही मी तिथं पहिल्यांदा बघितली.

"बरं, आणि मालकानं पंखा कधी बसवला?" आबा.

"जुलैत."

सगळे हसले. मग मीच उरलेलं सांगून टाकलं, लपवायचं कशाला. मेसमधली आमटी अशी, की फौजदारी डाळ खाऊन वाढलेल्या माणसाला आजाऱ्याचं पथ्य वाटावं. 'मी अभ्यास करून राहिलो' म्हटलं की वर्गात खसखस पिकायची. वर्षभर मी प्रत्येक वाक्य आधी मनात धुवून मग बोलायचो. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडला. त्याला पंधरा वर्षंही धड झाली नव्हती. एवढ्या शहाण्यांच्या दारातला पूल! आणि सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत खुर्ची अडवून बसलेली आपलीच पोरं. साक्री, शिरपूर, पारोळा. तीन-चार वर्षं एकाच खुर्चीत. ते शहर शिकायला येणाऱ्याला हात धरून आत घेतं. शिकून झाल्यावर तिथंच राहतो म्हणालं, की भाडं सांगतं.

"म्हणूनच इतिहासाचार्य राजवाडे निघून आले!" आबांनी मांडीवर थाप मारली. हा त्यांचा हुकमाचा एक्का. "१९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढणारा माणूस. पुढं तिथल्यांशी बिनसलं आणि शेवटी आला कुठं? धुळ्याला. १९२६ च्या शेवटच्या दिवशी देह ठेवला तोही इथंच. त्यांचं दप्तर कुठंय? आपल्या राजवाडे मंडळात. पुण्याचे अभ्यासक इकडे येतात, एसटीनं!"

"पण ते डेक्कन कॉलेजात शिकले होते," मी म्हटलं. "भांडायला तरी माणसं पुण्यातच मिळाली ना त्यांना."

"आणि काम करायला शांतता इथं."

यावर मला पटकन काही सुचलं नाही. तेवढ्यात नानानं विचारलं, "आत काय असतं रे त्या मंडळात?"

आबांनी टपरीवाल्याकडे बघितलं. बंटी म्हणाला, जुनी कागदपत्रं असतील. आबा म्हणाले, बाहेरून रोज जाणं व्हायचं ऑफिसला, पण ती वेळ दहाची, घाईची.

मग मी सांगितलं, जे कोणालाच सांगितलं नव्हतं. एम.ए.च्या पहिल्या आठवड्यात सरांनी गाव विचारलं होतं. धुळे म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा, मग राजवाडे मंडळात बसून वाचलं असेल बरंच." मी हो म्हणालो. नंतर दोन महिने तिथलं काय काय आहे ते विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसून पुस्तकांतून वाचून काढलं, पुन्हा विचारलं तर पकडला जाऊ नये म्हणून. आमच्या घरापासून मंडळ चालत वीस मिनिटं. फक्त पांझरेचा पूल ओलांडायचा.

आबा काहीच बोलले नाहीत. नानासाठी त्यांनीच चहा सांगितला, त्याला न विचारता.

नानानं बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "डिपॉझिट परत तरी देतात ना?"

"देतात. रंगाचे पैसे कापून."