तेच अपडेट पुन्हा पुन्हा का येते: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मडगावहून आलेली तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. तुमचे म्हणणे थोडक्यात असे, की विंडोज अपडेटवरील माझा लेख वाचून तुम्ही ‘सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन’ हा फोल्डर तीन वेळा रिकामा केलात, त्यात मोबाइल हॉटस्पॉटचा दिवसाचा डेटा संपला, अपडेटचा जुना इतिहास पुसला गेला आणि विंडोज १० चे जानेवारी २०२४ मधले केबी५०३४४४१ हे अपडेट तरीही ०एक्स८००७०६४३ हाच त्रुटी क्रमांक दाखवून अडते. ‘यापेक्षा सरळ फॉरमॅट मारा असे लिहिले असते, तर दुकानाचे दोन दिवस वाचले असते,’ असेही तुम्ही शेवटी म्हटले आहे.

डेटा आणि इतिहास यांबाबतची तक्रार रास्त आहे. त्या फोल्डरमध्ये ‘डाउनलोड’ या उपफोल्डरात उतरवलेल्या फायली असतात आणि ‘डेटास्टोअर’मध्ये अपडेटची नोंदवही असते. बहुतेक वेळा पहिला उपफोल्डर रिकामा करणे पुरते. मी मात्र सगळाच फोल्डर साफ करायला सांगितले आणि त्यामुळे नोंदवही जाईल, सगळे पुन्हा उतरवावे लागेल, हे लिहायचे राहून गेले. अपडेट आणि बिट्स (फायली पार्श्वभूमीत उतरवणारी) या विंडोजच्या दोन्ही सेवा थांबवून फोल्डरचे नुसते नाव बदलले असते, तर जुना मजकूर हाताशी राहिला असता. बसलेली अपडेट मात्र यात निघून जात नाहीत; कंट्रोल पॅनेलमधील स्थापित अपडेटच्या यादीत ती अजून दिसतील.

औषधच चुकीचे, हा आरोप मात्र मला तसाच मान्य नाही. औषध एका दुखण्याचे होते आणि तुमचे दुखणे वेगळे निघाले. लेखात ही दोन्ही वेगळी काढून दाखवली नाहीत, ही चूक माझी. अपडेट नीट उतरत नाही, उतरते पण बसत नाही, आणि बसते पण टिकत नाही, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. फोल्डर रिकामा करण्याचा उपयोग मुख्यतः पहिल्या प्रकारात होतो, म्हणजे पावसाळ्यात ऐन डाउनलोडच्या वेळी वीज गेली आणि फाइल अर्धवट राहिली, अशा वेळी. विंडोजच्या स्वतःच्या फायली बिघडल्यामुळे अपडेट बसत नसेल, तर डिझमची दुरुस्ती आधी आणि एसएफसीची तपासणी नंतर करावी (दोन्ही कमांड प्रॉम्प्टमधून चालणारी विंडोजचीच साधने), कारण एसएफसी चांगल्या फायली ज्या साठ्यातून घेते तो साठाच डिझम दुरुस्त करते. पुष्कळ ठिकाणी हा क्रम उलटा सांगितलेला आढळतो.

तिसऱ्या प्रकाराचे एक उदाहरण मी पेडण्यातल्या एका शाळेच्या संगणक कक्षात पाहिले आहे. तेथील बारा संगणकांवर तेच अपडेट रोज सकाळी उतरत असे, बसल्याचा संदेश येत असे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होत असे. मी तास दीड तास त्रुटी क्रमांक शोधत बसलो, पण त्रुटी नव्हतीच. आदल्या संध्याकाळी डेस्कटॉपवर ‘तपासणी’ नावाची एक रिकामी फाइल ठेवून गेलो होतो, ती सकाळी नाहीशी झाल्यावर उलगडा झाला. मुलांनी काही बिघडवू नये म्हणून कोणी तरी पूर्वी डिस्क गोठवणारे सॉफ्टवेअर घातले होते आणि ते प्रत्येक रीस्टार्टला संगणक जुन्या स्थितीत नेऊन ठेवत होते. ते अर्धा दिवस बंद ठेवून अपडेट बसवले आणि मग पुन्हा चालू केले.

आता तुमचा संगणक. तुमच्याकडे अडलेले अपडेट ९ जानेवारी २०२४ रोजी आले. ते सी ड्राइव्हवरच्या नेहमीच्या विंडोजसाठी नसून रिकव्हरी पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या राखलेल्या भागात, असलेल्या दुरुस्तीच्या छोट्या विंडोजसाठी आहे, आणि त्यासाठी त्या पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा लागते. जुन्या मांडणीच्या अनेक संगणकांत तेवढी जागा नसते. खरे तर अशा वेळी ‘जागा अपुरी’ असा संदेश यायला हवा. त्याऐवजी ०एक्स८००७०६४३ हा मोघम क्रमांक दिसू शकतो, हे मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केले आहे. सी ड्राइव्ह कितीही मोकळा असला आणि फोल्डर तीनदा सोडून तीसदा रिकामा केला, तरी शेजारच्या पार्टिशनमध्ये जागा होत नाही.

फॉरमॅटनेही बहुधा हेच झाले असते. फॉरमॅट करताना बहुतेक जण फक्त सी ड्राइव्ह पुसतात आणि रिकव्हरी पार्टिशन होते तेवढेच राहते. वर बिलांचे सॉफ्टवेअर नव्याने घालण्याचा व्याप होतो तो वेगळाच.

हे अपडेट बिटलॉकरचे (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीचे) संरक्षण चुकवू देणाऱ्या एका त्रुटीवर आहे आणि त्या त्रुटीचा फायदा घेण्यासाठी संगणक प्रत्यक्ष हाती लागावा लागतो. दुकानातल्या संगणकावर बिटलॉकर चालू नसेल, तर माझ्या मते पार्टिशनला हात लावण्याची घाई नको. अपडेट लपवण्याचे मायक्रोसॉफ्टचे छोटे साधन वापरून ते तूर्त बाजूला ठेवावे. बिटलॉकर चालू असेल, तर आधी बिलांचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्यावा, रिकव्हरी बंद करावी, सी ड्राइव्ह २५० एमबीने आखडावा, रिकव्हरी पार्टिशन पुसून मोठे करावे आणि रिकव्हरी पुन्हा चालू करावी. डिस्कपार्टच्या (डिस्कचे भाग पाडणाऱ्या विंडोजच्या साधनाच्या) ओळी कुठून तरी उतरवून डोळे झाकून टाकू नका. चुकीची डिस्क निवडली गेली, तर तो खात्रीसाठी पुन्हा विचारत बसत नाही.

त्याआधी अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘रीएजंटसी’ ही आज्ञा ‘इन्फो’ या पर्यायासह चालवा. रिकव्हरी बंद आहे असे उत्तर आले आणि डिस्कवर रिकव्हरी पार्टिशनही नसेल, तर या अपडेटची तुम्हाला गरजच नाही आणि त्रुटीकडे दुर्लक्ष केले तरी चालेल. चालू असेल, तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये रिकव्हरी पार्टिशनचा आकार किती आणि ते सी ड्राइव्हच्या उजवीकडे आहे की डावीकडे, एवढे कळवा. सी ड्राइव्ह आखडल्यावर मोकळी होणारी जागा उजव्या टोकाला येते, त्यामुळे पार्टिशन डावीकडे असेल तर वरची रीत तशीच्या तशी लागू होणार नाही.